एक्स-१७: खाली तोंड करून इंजिन पेटवणारं रॉकेट

प्रश्न थोडक्यात असा होता की अमेरिकेचं १९५६-५७ मधलं एक्स-१७ नावाचं टेस्ट रॉकेट वर जाऊन उलटं व्हायचं आणि खाली येताना उरलेली इंजिनं पेटवायचं असं वाचलं, हे खरं आहे का, आणि खरं असेल तर एवढा उपद्व्याप कशासाठी, सरळ क्षेपणास्त्रच उडवून बघायचं ना. शिवाय आपल्याकडे असं काही झालंय का हेही विचारलंय.

खरं आहे, अगदी तसंच व्हायचं. आणि वाचताना वेडेपणा वाटला तरी त्या काळातल्या टेस्ट रॉकेटांमध्ये मला हे सगळ्यात डोकेबाज वाटतं. मी स्वतः आयुष्यभर घन इंधनाच्या मोटरी, म्हणजे रॉकेटची इंजिनं, टेस्ट बेडवर जाळायचं आणि त्यांचे आकडे काढायचं काम केलंय, क्षेपणास्त्राच्या डिझाइनमध्ये नव्हतो, त्यामुळे उत्तर मोटरी आणि मोजमाप यांच्याकडे जरा जास्त झुकेल, सांभाळून घ्या.

आधी अडचण काय होती ते बघू. १९५० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाला अ‍ॅटलस हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र बनवायचं होतं. आठ-नऊ हजार किलोमीटरवर मारा करायचा तर पुढचा भाग सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेगाने जावा लागतो. वर हवा नसते तोवर काही प्रश्न नाही, पण तो परत वातावरणात शिरतो तेव्हा हा सगळा वेग कुठेतरी जिरवावा लागतो. शाळेतलं सूत्र लावा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे दर किलोमागे जवळजवळ २४.५ मेगाज्यूल ऊर्जा होते. एक किलो तांबं खोलीच्या तापमानापासून तापवत नेऊन पूर्ण वितळवायला किती लागते तर ०.६ मेगाज्यूल. म्हणजे त्या वस्तूत स्वतःला वितळवायला लागते त्याच्या चाळीसपट ऊर्जा भरलेली आहे. यातला अगदी थोडा हिस्सा जरी अंगात शिरला तरी खेळ खलास. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटचा वेग सेकंदाला दीड-पावणेदोन किलोमीटर होता, तरी त्यातली कित्येक रॉकेटं खाली येताना हवेतच फुटली होती, आणि इथे वेग चौपट म्हणजे ऊर्जा सोळापट.

यावरचा उपाय निघाला कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत, नासाच्या आधीची जी नाका संस्था होती तिच्याकडे. तिथल्या ज्युलियन अ‍ॅलन यांनी १९५१ च्या सुमाराला मांडलं की नाक टोकदार करू नका, बोथट करा. तोपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात रॉकेटचं नाक म्हणजे सुई असंच बसलेलं. हे समजायला विहीर आठवा. चांगला सूर मारणारा पाणी कापत खोल जातो आणि वर पाणी जेमतेम हलतं, तर मुटका मारणारा वरच्या वर थांबतो आणि काठावरची सगळी मंडळी भिजवतो, म्हणजे त्याची बरीचशी ऊर्जा पाण्यात गेली. टोकदार नाक सूर मारतं, हवेचं घर्षण अंगाला चिकटून होतं आणि उष्णता अंगात येते. बोथट नाक मुटका मारतं, पुढे जाड शॉक वेव्ह, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेची भिंत, उभी राहते, तापते ती हवा, आणि बहुतेक उष्णता हवेबरोबर बाजूने निघून जाते. अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी अल्फ्रेड एगर्स यांनी याचं गणित मांडलं, ते काही वर्षं गोपनीय होतं. गणिताचा गाभा इतकाच की अंगात किती उष्णता येणार हे एकूण ओढीपैकी (हवेच्या विरोधापैकी) घर्षणाची ओढ किती यावर ठरतं. घर्षणाचा वाटा कमी आणि दाबाचा वाटा जास्त असा आकार घ्या की काम झालं.

कागदावर झालं, म्हणजे. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे.

नाकावरून वाहणारी हवेची पातळ थर शांत, थरावर थर सरकल्यासारखी वाहते की खवळलेली, घुसळत वाहते, यावर येणारी उष्णता कित्येक पटींनी बदलते. शांत राहिली तर तांब्याचं जाड नाक उष्णता पिऊन टाकेल आणि वाचेल, खवळली तर त्याच नाकाला भोक पडेल. आणि ती कधी खवळते हे सांगणारं खात्रीचं गणित तेव्हा नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण नाहीये. बोथट नाकावर दाब पुढून मागे कमी होत जातो, त्यामुळे सिद्धांताप्रमाणे प्रवाह शांतच राहायला पाहिजे, पण प्रयोगांत तो त्याच्या आधीच खवळताना दिसतो आणि त्याचं कारण काय यावर अजून पेपर लिहिले जातात. पृष्ठभागावरचा खडबडीतपणा हे एक मोठं कारण असतं, म्हणून त्या काळची तांब्याची नाकं आरशासारखी पॉलिश करायचे. आमच्या लाइनमध्ये पॉलिशचं काम दिसलं की नवीन पोरांना वाटतं दाखवायला केलंय, पाहुणे येणार असतील. इथे ते पॉलिश म्हणजे डिझाइनचाच भाग होता.

मग हे प्रयोगशाळेत का नाही तपासायचं? तपासत होतेच की. विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडायच्या बोगद्यात, ध्वनीच्या कितीपट वेग हा आकडा गाठता येतो पण हवा तेवढी गरम नसते, तापमान खोटं येतं. शॉक ट्यूबमध्ये, म्हणजे ज्या नळीत क्षणभर शॉक वेव्ह सोडतात तिच्यात, तापमान खरं येतं, अ‍ॅव्को कंपनीत आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९५५ पासून त्यावर फार सुंदर काम केलं, पण तिथे तुम्हाला प्रयोगाला वेळ मिळतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यात उष्णता किती येते ते कळतं, पण नाक पाच-दहा सेकंद टिकतं का, त्याच्यावरची थर मधेच कधी खवळते, हे नाही कळत. वेग, तापमान, हवेची दाटी आणि वेळ हे चारही एकदम हवे असतील तर उडवण्याला पर्याय नाही.

आता येतो एक्स-१७. लॉकहीड कंपनीने हवाई दलासाठी केलेलं रॉकेट. उंची साधारण १२.३ मीटर, वजन साडेपाच टनांच्या आसपास, तीन टप्पे आणि तिन्ही घन इंधनाचे. त्यात नवीन असं फारसं काही नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं. पहिला टप्पा म्हणजे थायोकॉलची सार्जंट मोटर, जी लष्कराच्या सार्जंट क्षेपणास्त्रासाठी चाललेली होती, जोर सुमारे ५०,००० पौंड. दुसरा टप्पा म्हणजे रिक्रूट नावाच्या तीन छोट्या मोटरी एकत्र बांधलेल्या, आणि तिसरा टप्पा म्हणजे त्याच रिक्रूटपैकी एकटी एक. रिक्रूट ही मोटर म्हणजे लवंगी मिरची होती, एकटीचा जोर ३०,००० पौंडांच्या वर पण जळून संपायची दीड-दोन सेकंदांत. मार्गदर्शन प्रणाली नाही, जायरो (दिशा राखणारं फिरतं चक्र) लावून नोझल (ज्यातून जळते वायू बाहेर पडतात ते तोंड) वळवायची भानगड नाही, द्रव ऑक्सिजन भरायचा नाही, पंप नाहीत. पहिल्या टप्प्याला मागे चार मोठे पंख आणि सुटताना थोडी गिरकी देणाऱ्या बारक्या मोटरी, बस्स. ज्यांनी द्रव इंधनाचं काउंटडाऊन थांबता थांबता अख्खी रात्र गेलेली बघितलीय त्यांना यातलं सुख कळेल.

आणि उड्डाण असं. केप कॅनव्हेरलच्या तीन नंबरच्या पॅडवरून, हे तेच पॅड बरं का जिथून जुलै १९५० मध्ये बंपर-८ सुटलं आणि केपवरच्या रॉकेट उड्डाणांची सुरुवात झाली, तर तिथून एक्स-१७ जवळजवळ सरळ वर सुटायचं, समुद्राकडे थोडंसं कललेलं. पहिली मोटर जळून संपेपर्यंत २७ किलोमीटर उंची. ती संपली तरी तिचं रिकामं नळकांडं टाकून द्यायचं नाही, तिन्ही टप्पे एकमेकांना जोडलेलेच राहायचे आणि सगळी काठी नुसत्या मिळालेल्या वेगावर वर वर जात १६० किलोमीटरच्या आसपास पोचायची. तिथे हवा नाही त्यामुळे पंखांचा काही उपयोग नाही, रॉकेट ज्या तोंडाने निघालं त्याच तोंडाने उभं, आणि उंची संपली की तसंच शेपटीवर खाली पडायला लागायचं. मग खाली येता येता हवा लागायला लागली की मागचे पंख आपलं काम करायचे, वाऱ्याने फिरणाऱ्या कोंबड्यासारखं, हवेच्या दाबाच्या जोराने शेपूट वर आणि तोंड खाली. तोंड नीट खाली आलं की दुसरा टप्पा पेटायचा, तिन्ही रिक्रूट एकदम, लगेच तो सुटून तिसरा पेटायचा, आणि सगळ्यात पुढे असलेलं ते छोटं तांब्याचं नाक सेकंदाला चार किलोमीटर, म्हणजे ताशी १४,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने दाट हवेत घुसायचं. आवाजाच्या वेगाच्या चौदापट वगैरे. ज्या प्रसंगासाठी हा सगळा खटाटोप तो काही सेकंदांत उरकायचा, आणि पुढे अटलांटिक.

तुमचा मुख्य प्रश्न आता, की तोंड खाली करून का. कोणीही हिशोबी माणूस म्हणेल की तेवढंच इंधन वर जातानाच जाळलं असतं तर रॉकेट आणखी उंच गेलं असतं आणि तिथून पडताना तोच वेग परत मिळाला असता, ऊर्जा काही कुठे जात नाही. बरोबर आहे. चार किलोमीटर वेगाने सरळ वर फेकलेली वस्तू नऊशे किलोमीटरच्या आसपास उंच जाते आणि परत चारनेच खाली येते. पण तीन गोष्टी बिघडतात.

एक तर मार्गदर्शन नाही. नऊशे किलोमीटर वर जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात आणि सुटताना एक अंश जरी चूक झाली तरी ते पडणार साठेक किलोमीटर बाजूला. रडार, कॅमेरे, टेलिमेट्रीचे (रेडिओवरून येणारे आकडे पकडायचे) अँटेना कुठे रोखून ठेवायचे? १६० किलोमीटरची उडी असेल तर सगळा खेळ डोक्यावरच होतो.

दुसरं म्हणजे नाक नाकानेच शिरलं पाहिजे. तिसरा टप्पा वरच सुटला असता तर ते छोटं नाक निर्वात जागेत गिरक्या घेत, कोलांट्या खात खाली आलं असतं आणि वातावरणात कुठल्या बाजूने शिरेल याचा नेम नाही. ते सरळ ठेवायचं तर छोटे जेट, जायरो, कंट्रोलचा डबा, म्हणजे आणखी एक नवीन यंत्रणा, आणि ती बिघडली की नाकाची टेस्ट गेली. यांनी काय केलं, जो पहिला टप्पा एरवी फेकून देतात त्याचेच पंख सुकाणू म्हणून वापरले. फुकटात. ही युक्ती ज्याने काढली त्याला माझा नमस्कार.

तिसरं कारण तांत्रिक आहे पण तेच खरं महत्त्वाचं. खऱ्या क्षेपणास्त्राचा वेग सात, याचा चार. नाकाच्या टोकावर येणारी उष्णता वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सात आणि चारमध्ये सव्वापाचपट फरक. ही तूट कशी भरून काढायची? उष्णता हवेच्या घनतेच्या वर्गमूळाप्रमाणेही वाढते आणि नाकाची गोलाई जितकी लहान तितकी जास्त येते. म्हणजे वेग कमी असला तरी नाक छोटं घ्या आणि तोच वेग दाट हवेत, पुष्कळ खाली, गाठून दाखवा, की खऱ्या क्षेपणास्त्राच्या नाकावर पडतो तसाच मारा मिळतो. नुसत्या घनतेवर भागवायचं तर साधारण तीसपट दाट हवा लागेल, म्हणजे खऱ्या क्षेपणास्त्राला जिथे मार बसतो त्याच्या वीस-पंचवीस किलोमीटर खाली. आता नऊशे किलोमीटरवरून पडणारं हलकं बोथट नाक वरच्या विरळ हवेतच वेग गमावून बसलं असतं, खाली दाट हवेत पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असता. म्हणून मोटर शेवटच्या क्षणी, खालीच पेटवायची, ताजा वेग घेऊन थेट दाट हवेत. शिवाय तो शांत-खवळलेला जो प्रश्न होता तो ठरतो घनता आणि वेग यांच्या गुणाकारावर, त्यालाही दाट हवाच पाहिजे होती. एकदा हे लक्षात आलं की ते उलटं होऊन पेटणं अजिबात विक्षिप्त वाटत नाही.

आता मोजमाप, कारण यावर सहसा कोणी लिहीत नाही. नाक हाती लागेल या हिशोबावर काम नव्हतंच, जे कळायचं ते रेडिओवरून, त्या काही सेकंदांत. तांब्याच्या नाकाला आतून भोकं पाडून, बाहेरच्या पृष्ठभागाच्या जरा अलीकडे थांबायचं आणि तिथे थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार जोडायची, असा हा एकंदर प्रकार असतो. नाकाला छेद देऊन बाहेर यायचं नाही, कारण बाहेर आलात की पृष्ठभागावर टिंब उठतं आणि जी थर खवळते का ते बघायचं तीच तुम्ही खवळवलीत. थर्मोकपल देतो तापमान, आपल्याला हवी असते उष्णता. पण तांबं उष्णता इतकी पटकन पसरवतं की त्याचा तुकडा जवळजवळ सगळा सारखाच तापतो, त्यामुळे हिशोब सोपा. एक सेंटिमीटर जाडीच्या तांब्यात दर चौरस सेंटिमीटरमागे एक अंश तापमान वाढायला सुमारे ३.४ ज्यूल लागतात. समजा आलेखात तापमान सेकंदाला ३०० अंशांनी चढतंय, तर त्या जागी चौरस सेंटिमीटरला एक किलोवॉट उष्णता येतेय. नखाएवढ्या जागेत एक इस्त्री. तर हे तांब्याचं नाक एकाच वेळी टेस्टचा नमुनाही आहे आणि उष्णता मोजायचं यंत्रही.

आणि आलेखात बघायचं काय तर चढ. तापमान एका उताराने चढत असतं आणि मधेच उतार एकदम उभा होतो, तो क्षण म्हणजे तिथे प्रवाह खवळला. मग बाजूच्या थर्मोकपलचा आलेख बघायचा, तिथे तो मोड आधी आला की नंतर, म्हणजे खवळणं मागून पुढे सरकतंय का हे कळतं. मी स्वतः नोझलच्या मागच्या बाजूने असे आलेख वाचलेत, आणि सांगतो, डोळा बसला की तो मोड दहा पानांच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतो. फक्त आधी खात्री करायची की तो मोड प्रवाहाचाच आहे, तार सुटल्याचा नाही. सुटलेली तारसुद्धा फार आत्मविश्वासाने आकडे देते.

बरं, सरळ क्षेपणास्त्रच का नाही उडवलं? कारण ते नव्हतंच. पूर्ण आकाराचं एक्स-१७ १९५६ च्या वसंतात उडायला लागलं आणि १९५७ च्या पूर्वार्धापर्यंत दोन डझनांच्या वर उड्डाणं झाली. अ‍ॅटलसचं पहिलं उड्डाण ११ जून १९५७ चं, तेही मिनिटभरात उडवून द्यावं लागलं, आणि पूर्ण पल्ला गाठला २८ नोव्हेंबर १९५८ ला. क्षेपणास्त्र तयार होईपर्यंत थांबले असते तर नाकाचं डिझाइन दोन वर्षं लांबलं असतं, आणि प्रत्येक अपयशानंतर भांडण की इंजिन बिघडलं, मार्गदर्शन बिघडलं की नाक जळलं. दुसरं, नाकाचे पाच-सहा आकार करून बघायचे तर पाच-सहा अ‍ॅटलस फुंकायचे का? अशा वेळी स्वस्तातली काठी बरी.

हे टाळलं तर काय होतं त्याचं उदाहरण पलीकडे रशियात आहे. कोरोल्योव्ह यांचं आर-७ हे क्षेपणास्त्र २१ ऑगस्ट १९५७ ला बायकोनूरहून कामचाटकापर्यंत पोचलं, जगातलं पहिलं आंतरखंडीय उड्डाण. जगभर घोषणा झाली. पण पुढचा भाग वातावरणात शिरल्यावर जमिनीवर पोचायच्या आधीच तुटून पडला. ७ सप्टेंबरला दुसरं यशस्वी उड्डाण, परत पुढचा भाग गेला. म्हणजे रॉकेट तयार आणि बॉम्ब पोचवायचं डबडं तयार नाही. नाकाचं नवीन डिझाइन व्हायला महिने लागणार होते, तोवर तयार रॉकेटांचं करायचं काय? कोरोल्योव्ह यांच्या मनात उपग्रह आधीपासून होताच आणि उपग्रहाला परत यायचं नसतं. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेला. त्या जळक्या नाकाने स्पुटनिकची वाट मोकळी करून दिली असं मी म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

आता एक्स-१७ चं कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. चार म्हणजे सात नव्हे. दाट हवेत नेऊन उष्णतेचा मारा जुळवता येतो पण किती वेळ मार बसला, एकूण किती उष्णता आत मुरली, हे जुळत नाही, खऱ्या क्षेपणास्त्राचं शिरणं जास्त लांबतं. त्यामुळे तांब्याच्या उष्णता पिणाऱ्या नाकाचं डिझाइन यावरून पक्कं करता आलं, आणि जनरल इलेक्ट्रिकचं तसं जाड तांब्याचं मार्क-२ नाक थॉर या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रावर आणि सुरुवातीच्या अ‍ॅटलसवर बसलं, पण ते जड, बोथट ध्यान होतं. इतकं बोथट की वरच सगळा वेग मरायचा आणि शेवटी सावकाश पडताना वाऱ्याने भरकटायचं, रडारलाही छान दिसणार. थोड्याच वर्षांत ते बाद झालं आणि त्या जागी स्वतः जळत, झिजत, उष्णता घेऊन जाणारी कवचं आली.

तो दुसरा रस्ता अमेरिकन लष्कराने हंट्सव्हिलमध्ये आधीच धरला होता. व्ही-२ बनवणाऱ्या फॉन ब्राउन यांच्या टीमचं ज्युपिटर-सी हे पण टेस्ट रॉकेटच, त्याने १९५६-५७ मध्ये तीन उड्डाणं केली, आणि ८ ऑगस्ट १९५७ च्या उड्डाणातलं छोट्या आकाराचं झिजणारं नाक समुद्रातून उचलून आणलं. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ते टीव्हीवर शेजारी ठेवून भाषण केलं, स्पुटनिकमुळे लोक घाबरले होते ना. गंमत अशी की ज्युपिटर-सीच्या वरच्या टप्प्यांत सार्जंट मोटरचीच लहान आवृत्ती होती, पुंजक्याने बांधलेली. म्हणजे एकाच मोटरचा मोठा भाऊ हवाई दलाकडे नाकं खाली ठोकत होता आणि धाकटी भावंडं लष्कराकडे नाकं लांब फेकत होती. पुढे हवाई दलानेही थॉर-एबल जोडी करून १९५८ मध्ये पूर्ण पल्ल्याची नाक-टेस्ट सुरू केली, त्यात उंदीरसुद्धा पाठवले होते, बिचारे एकही परत मिळाले नाहीत.

मग एक्स-१७ वाया गेलं का? असं म्हणणारे आहेत, मला पटत नाही. १९५६ साली झिजणाऱ्या कवचाबद्दल खात्री देणारं हवाई दलाच्या बाजूला कोणी नव्हतं आणि तारीख डोक्यावर होती. तांबं जड असलं तरी त्याचा हिशोब मांडता येत होता, आणि तो हिशोब खरा की खोटा हे एक्स-१७ ने सांगितलं. नंतर चांगली वस्तू आली म्हणून आधीच्या वस्तूचे आकडे चुकीचे ठरत नाहीत. प्रवाह कधी खवळतो याचा जो डेटा जमला तो तर नाक तांब्याचं असो की आणखी कशाचं, उपयोगाचाच.

पुढचं त्याचं आयुष्य जरा काळं आहे. निकोलस क्रिस्टोफिलॉस नावाचे लिव्हरमोर या अमेरिकन अण्वस्त्र प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ होते, आधी अथेन्समध्ये लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर होते हे विशेष, त्यांनी कल्पना मांडली की वातावरणाच्या वर अणुबॉम्ब फोडला तर त्यातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून पट्टा तयार होईल. ते तपासायला ऑपरेशन आर्गस झालं. ऑगस्ट-सप्टेंबर १९५८ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये नॉर्टन साउंड या जहाजाच्या डेकवरून तीन एक्स-१७ सोडली, प्रत्येकावर १.७ किलोटनाचा अणुबॉम्ब. त्या वेळी मात्र टप्पे वर जातानाच जळले. हलत्या जहाजावरून, मार्गदर्शन नसलेल्या रॉकेटवर अणुबॉम्ब! आज कुठली सेफ्टी कमिटी यावर सही करेल सांगा. पट्टा खरोखर तयार झाला, एक्सप्लोरर-४ उपग्रहाने तो मोजला, आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी फोडेपर्यंत लोकांना पत्ता नव्हता.

मोटरी मात्र चांगल्या घरी पडल्या. रिक्रूट लागली मर्क्युरी यानाच्या लिट्ल जो रॉकेटवर, आणि सार्जंटपासून निघालेली कॅस्टर मोटर उपग्रह सोडणाऱ्या स्काउट रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात गेली, नंतर डेल्टा रॉकेटांना कमरेला बांधायच्या मोटरी म्हणून कित्येक वर्षं चालली.

आपल्याकडचं विचारलंत म्हणून. एक्स-१७ सारखं खाली तोंड करून पेटणारं काही नाही, पण त्याच जातीचा प्रश्न घेऊन केलेलं रॉकेट म्हणजे १९८९ ची अग्नी. लोकांना ती पहिल्या दिवसापासून क्षेपणास्त्र वाटते, पण तिचं अधिकृत नावच टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर होतं आणि मुख्य काम हेच की वातावरणात परत शिरणारा भाग शाबूत राहतो का ते बघायचं. २२ मे १९८९ ला चांदीपूरहून सोडली. तिच्यातही जुळवाजुळवच, पहिला टप्पा एसएलव्ही-३ या आपल्या उपग्रह-रॉकेटच्या घन मोटरवरून घेतलेला आणि दुसरा पृथ्वी क्षेपणास्त्राच्या द्रव इंजिनावरून. असा घन-द्रव संसार हत्यार म्हणून कोणी मांडणार नाही, पण नाक तपासायला हाताशी होतं ते वापरलं, आणि बरोबर केलं. नाकाला तांबं नाही तर कार्बन-कार्बन, म्हणजे कार्बनच्या धाग्यांत कार्बनच भरून भट्टीत पुन्हा पुन्हा भाजलेलं, जे बाहेरून कोणी विकत देत नव्हतं म्हणून इथेच बनवावं लागलं. १९९२ चं दुसरं उड्डाण फसलं, १९९४ चं तिसरं जमलं, आणि मग १९९९ मध्ये जी अग्नी-२ आली तिचे दोन्ही टप्पे घन. म्हणजे द्रव टप्पा गेला, नाक राहिलं.

परत आणून हातात घेऊन बघायचं काम आपल्याकडे इस्रोने केलं, एसआरई-१ हा साडेपाचशे किलोचा कुपीसारखा उपग्रह जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्ही-सी७ रॉकेटवरून गेला, बारा दिवस कक्षेत राहिला आणि २२ तारखेला बंगालच्या उपसागरात पॅराशूटने उतरला. त्याच्या अंगावर सिलिकाच्या टाइल्स आणि नाकाला कार्बन-फिनॉलिक, म्हणजे कार्बनचे धागे आणि फिनॉलिक राळ यांचं झिजणारं कवच. झिजणाऱ्या कवचाची जाडी कशी ठरवतात, कोळसा झालेला थर आणि न जळलेला थर यांच्यामधली रेघ टेस्टनंतर कशी मोजतात, यावर कोणाला रस असेल तर वेगळं विचारा, तो माझ्या जास्त जवळचा विषय आहे कारण रॉकेट मोटरच्या नोझलमध्ये तेच सामान लागतं आणि ते कापून बघण्यात माझी बरीच वर्षं गेलीत.